ऐकले कोणाकडून

हलबचा, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोचा, इतिहासकार. तेरावे शतक. आपल्या शहरात जन्मलेल्यांची, राहिलेल्यांची, नुसती एक रात्र उतरलेल्यांचीही चरित्रे लिहिली. प्रत्येक गोष्टीआधी साखळी: मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने. दुवा तुटला की गोष्ट बाद. मग मंगोल आले.

श्रीरंग. आत्माराम कानविंदे यांचा मुलगा. १९५८ साली पुण्याहून हायडेलबर्गला आला. प्रबंध: वरील इतिहासकार. गुरू: प्राध्यापक श्टोल्पे.

श्टोल्पे. त्या इतिहासकाराच्या हस्तलिखिताची सर्वांत पुसट पाने यांनी एकट्याने वाचली, अशी ख्याती. मूळ पाने युद्धात जळाली; उरले ते यांचे पुस्तक. पहिल्याच तासाला म्हणाले, "साखळी नसेल तर ती अफवा."

फ्राऊ वेंत्सेल. घरमालकीण. चौथ्या वर्षीच्या जानेवारीत कोळशाची बादली घेऊन वर आल्या, तेव्हा श्रीरंग त्याच पुस्तकातले अरबी मोठ्याने वाचत होता. पान संपले. ते उलटण्याआधीच पुढची ओळ बाईंनी म्हटली.

"तुम्हाला अरबी येतं?"

"छे. ग्रूनफेल्डसाहेब, माझे जुने भाडेकरू, याच खोलीत जुनं हस्तलिखित समोर धरून म्हणायचे. रोज. पाठ झालं. तुमचे श्टोल्पे तेव्हा त्यांचे विद्यार्थी. तिथे, खिडकीशी बसून उतरवून घ्यायचे."

"पुस्तकात ग्रूनफेल्ड नाहीत."

"नसणारच. ते ज्यू. एका सकाळी त्यांना घेऊन गेले." बादली खाली ठेवली. "माझं नाव घेऊ नका, कानविंदे. मला याच गावात मरायचंय."

दत्तात्रय. इंजिनिअर. बॉबलिंगेनहून रविवारी वरणभातासाठी येणारा.

"श्रीरंगा, तुझा हलबवाला सातशे वर्षांपूर्वी गेला. सही श्टोल्पेची लागते. डॉक्टर हो, आईला तार कर."

"त्या पानाची साखळी द्यावी लागते, दत्तू."

"दे की. श्टोल्पेने सांगितलं."

"आणि श्टोल्पेला कोणी?"

"आल्झो, बरं तर," दत्तू म्हणाला, "भात वाढ."

फेब्रुवारी. वर्गात श्रीरंगने ते पान वाचले.

"साखळी?" श्टोल्पे.

"मी श्टोल्पे यांच्याकडून. श्टोल्पे यांनी ग्रूनफेल्ड यांच्याकडून."

प्राध्यापक चष्मा पुसत राहिले.

"आणि हे तुम्ही कोणाकडून ऐकलंत?"

श्रीरंगने पुस्तक मिटले.

"म्हणजे दुवा तुटला. नोंद बाद. गेनाऊ, बरोबर ना?" मग, अगदी मायेने: "तुम्ही अजून वेंत्सेलबाईंकडेच राहता ना? जुनं घर ते. जिना फार उभा आहे. आणि बाईंचं वय झालं."

तो नेकार नदीच्या काठाने धावत घरी आला. बाई जिन्यातच होत्या.

"तुमचं नाव घेतलं नाही मी."

"मग कोणाचं घेतलंत?"

"ग्रूनफेल्ड."

त्या पायरीवर बसल्या. "ते नाव ठाऊक असलेली या गावात दोनच माणसं उरलीत. एक श्टोल्पे. एक मी."

चार वर्षांचे काम श्रीरंगने टांगणीला लावले होते, धोका फक्त स्वतःलाच आहे असे समजून.

खाली फोन वाजू लागला. थांबला. पुन्हा सुरू झाला.

"श्टोल्पेच असणार. मी नाही उचलत," तो म्हणाला.

"उचला. अर्धी साखळी सोडलीत तर तिच्या टोकाशी मी एकटी राहते." बाईंनी कठडा धरला. "आता पूर्ण सांगा. वेंत्सेलकडून ऐकलं म्हणा. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणा. आणि उद्या वर्गातही म्हणा, सगळ्यांसमोर."

तो उतरला. रिसीव्हर कानाला लावला.

"मला वेंत्सेलबाईंनी सांगितलं," तो म्हणाला.

पलीकडून फक्त चष्म्याच्या काचेवर फडके फिरावे तसा आवाज, सावकाश, न थांबता.