चौथा ट्रम्पेट

आमच्या ह्यांनी उभी जवानी मुंबईच्या हाटेलात ट्रम्पेट फुकण्यात घालवली. लोकायला वाटायचं, लय मोठे वाजवणारे. कशाचे मोठे? बड्या बँडात चार ट्रम्पेट असत्यात. पहिला गाणं वाजवतो, लाईट त्याच्यावर. चौथा खालचा सूर धरून बसतो. आमचे हे चौथे. पूर्णा जंक्शनच्या एका किरिस्ताव रेल्वे गार्डानं शिकवलं, त्यानंच तिकडं चिकटवून दिलं, अन् चौथ्या खुर्चीवरच केस पिकले. मग हाटेलवाल्यानं बँड बंद केला, तवा आमी पूर्णेला परत आलो.

इथं लग्नाच्या बँडात जावं तर वस्तीतल्या रंगनाथनं अडवलं. "धम्म घेतला तवा आपल्या बापांनी हलगी टाकली, लोकायच्या दारी वाजवणं सोडलं. तुमी पितळेची पिपाणी घेऊन परत त्याच दारी उभे राहणार?" ह्यांनी ट्रम्पेटची पेटी पलंगाखाली सारली अन् मालधक्क्यावर पोती उचलायला गेले. रंगनाथचं मला पटायचं बी, अन् त्याचा राग बी यायचा.

मग एका संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तवा तोच रंगनाथ दारात. "सितारामदादा, मिरवणुकीच्या म्होरं तुमीच वाजवायचं. हे आपलं दार हाय."

हे लगेच हो म्हणले. मी कपाळाला हात लावला. म्होरचे दात पडलेले, वरचा सूर निघंना. म्हणलं, "आवो, झाकली मूठ हाय, झाकलेलीच राहू द्या."

"सुला, एकदा तरी म्होरं उभं राहू दे."

चौकात ह्यांनी भीमगीत धरलं. वर चढंनाच, नुसती हवा निघाली. पोरं हसली. रंगनाथ खाली बघायला लागला. मग ह्यांनी डोळे मिटले अन् खालचा सूर धरला, चौथ्याचा. ह्यात गाणं कुठं हाय, कुणालाच कळंना. मला कळालं. मुंबईच्या खोलीत हे खालचं वाजवायचे अन् भाकरी थापता थापता वरचं मी म्हणायचे.

माझा गळा काय गोड न्हाई. पण पदर खोचला अन् म्हणायला लागले. बाया मागून आल्या, मग सगळा रस्ता.

घरी आल्यावर हे खाटेवर टेकले. "परत चौथाच झालो बघ."

"तुमी वाजवायचं थांबला असता तर मी कशाच्या जीवावर म्हणले असते?"

ह्यांचा ओठ सुजला होता, त्याला मी तूप लावलं.