शिंप्याचा भुंगा

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गिटारचा आवाज मोठा करणं हे माझं काम. हल्लीची माझी भावंडं बटण दाबलं की लगेच बोलायला लागतात. माझं तसं नाही. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. ते आधी तापतात, तांबूस उजळतात, आणि मगच माझ्या तोंडून शब्द फुटतो. हे म्हातारपणामुळे नव्हे बरं का, तरुणपणीही मी असाच होतो.

एका कारखान्यात बायकांनी माझ्या तारा डाख देऊन जोडल्या आणि एका सुताराने मला लाकडी खोक्यात बसवलं. पण मी खरा माणसांत आलो तो एका शिंप्याच्या घरी. पुढे दुकान, मागे घर. मालक दिवसभर कपडे शिवायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. बोलायचा मात्र अगदी मोजकं. गिऱ्हाइकाने दहा प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर मिळायचं, तेही मान हलवून.

दुकानाचं शटर ओढलं की तो आधी माझं बटण दाबायचा आणि मी तापेपर्यंत चिंध्या आणि दोरे झाडून काढायचा. तापलो की मी भुणभुण सुरू करायचो. ती भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात ऐकू जायची. "भुंगा जागा झाला गं!" असं लेकीला सांगत त्याची बायको चहाचं आधण ठेवायची. मालकाने तिला कधी हाक मारलेली मला आठवत नाही. ते काम माझ्याकडे होतं. वर्षागणिक माझी भुणभुण वाढत गेली, आणि मला वाटायचं की माझा आवाज कसदार होतोय.

मग एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन मालक गेला. मला कापडं कापायच्या टेबलाखाली सरकवलं. अंगावर गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कपड्यांचं गाठोडं आलं, आत ओल शिरली, कोळ्याने संसार थाटला. त्याचं मला एवढं वाटलं नाही. वाईट वाटलं ते आईचं. हो, लेकीचं ऐकून मीही तिला आईच म्हणतो. आईने संध्याकाळचा चहा सोडला तो सोडलाच.

लेक मोठी झाली, कार्यक्रमांत गिटार वाजवू लागली. एक दिवस तिने मला बाहेर ओढलं, पुसलं आणि चालू केलं. भस्सकन धूर निघाला आणि फ्यूज उडाला. आई धावत आली. "त्याला बरं कर गं," एवढंच म्हणाली. लेकीने मला उचलून दुरुस्तीला नेलं.

दुरुस्तीवाली बाई तोंडाची फटकळ, पण हाताची हळुवार होती. माझ्या पोटात डोकावून ती म्हणाली, "कंडेन्सर सुकून फुटलेत. आधीपासून भुणभुण करायचा ना हा?"

"हो, कायमच. चालतंच ना तसं?"

"चालतं कसलं! दुखणं आहे ते. किती वर्षं अंगावर काढलंय बिचाऱ्याने!"

"मग घालवा ते. भर कार्यक्रमात बंद पडायला नको."

मी हादरलो. ज्याचा आयुष्यभर तोरा मिरवला, ते माझं दुखणं होतं? बाईने नवे कंडेन्सर बसवले, थकलेला व्हॉल्व्ह बदलला, जुनी वायर काढून तीन पिनांचा प्लग लावला. मी ठणठणीत झालो.

मी घरी आलो त्या संध्याकाळी आईने फडताळातून संध्याकाळच्या चहाचा स्वतःचा कप काढला, धुतला आणि ती गॅसपाशी उभी राहिली. लेकीने अगदी बाबांसारखं शटर ओढलं आणि माझं बटण दाबलं. मी तापलो, उजळलो. घर गप्प होतं.

"अगं, लाव ना त्याला," आतून आई म्हणाली.

"लावलाय आई. केव्हाचा."

लेकीने तार छेडली. आवाज लख्ख निघाला. आई दारात आली. पुढे होऊन तिने माझ्या जाळीवर तळहात ठेवला.

"छान वाजतोय गं," ती म्हणाली. "पण हाक नाही मारत."

तिने तो कप परत फडताळात ठेवला. लेकीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ती त्या बाईकडे गेली, जुने कंडेन्सर परत बसवा म्हणाली. बाई नेहमीसारखी फटकळ बोलली नाही. "फुटलेलं कसं बसवू? आणि बसवलं तर हा जळेल, पोरी."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना ओलीत टाकू नका, दुखलंखुपलं तर वेळेवर दाखवा. पण त्यांना दुरुस्तीला नेण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा, यातलं तुम्हाला काय हवंय? आणि जे जाणारच असेल, ते त्यांना शेवटचं ऐकू द्या. आईला ते मिळालं नाही.

आता मी कार्यक्रमात कधी दगा देत नाही. लोक मला नावाजतात. घरी असली की लेक संध्याकाळी मला लावते. आई स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून बसते. मी तापतो, सगळा जीव एकवटतो, आणि माझ्या तोंडून काहीच निघत नाही. मग लेकच हाक मारते, "आई, चहा ठेवतेस का?"

आई चहा ठेवते. एक कप, लेकीपुरता.