दाराच्या डोळ्यावरची टिकली

मी एका दाराचा डोळा आहे. बोरीवली पूर्वेला, जिथे नॅशनल पार्कातली माकडं गच्चीच्या कठड्यावर येऊन बसतात, तिथल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. बोटाच्या पेराएवढी काच आणि भोवती पितळी कडं, एवढाच माझा जीव. आतून माणसाने डोळा लावायचा आणि बाहेर कोण आलंय ते बघायचं. सध्या मात्र मला काही दिसत नाही. का, ते सांगतो.

मला बसवलं श्यामसुंदरभाऊंनी. सुताराने दाराला भोक पाडलं तेव्हा बायकोला म्हणाले, "घे रत्नप्रभा, आता तुझा पेपर बंद केला तरी चालेल." बाईने नाक मुरडलं आणि दुसऱ्याच मिनिटाला डोळा लावून बघून घेतलं.

तेव्हापासून कुणाकडे कुरिअर आलं, कुणाची सून बॅग घेऊन माहेरी निघाली, सगळं बाईला आधी माझ्यातून कळायचं. बाई वाईट नव्हती हो. कुणाचा गॅस संपला तर न मागता पोळ्या लाटून द्यायची. पण तिच्या पोटात काही राहायचं नाही. भाऊ गेले, मग तर दिवसभर ती आणि मी.

माझ्यात एक खोट आहे. मी दाखवतो ते वाकडं. माणसाचं नाक मोठं, पाय इवलेसे. बाईला हे ठाऊक होतं, पण बघताना तिच्या लक्षात राहायचं नाही.

समोर कमळ राहते. एका खोलीत संसार आणि त्यातच ब्लाऊज शिवायचं मशीन. तिचा नवरा चंदू दोन वर्षांपूर्वी हायवेवर स्कूटर घसरून गेला. मुलगी कल्पिता मागे बसली होती, तिला नुसतं खरचटलं. निदान सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच.

पण त्या दिवसापासून पोरगी सुकत चालली. नोकरी सोडली. खाली रस्त्यावर करकचून ब्रेक लागला की जिन्यात होती तिथेच खाली बसायची. आणि कमळ मशीन चालवता चालवता बोलत राहायची, "तुझ्या बापाला गाडी कधी धड चालवताच आली नाही. स्वतः गेला आणि मला जिवंतपणी मारून गेला."

मग गुरुवार सुरू झाले. दुपारचे चार वाजले, मजला झोपलेला असला, की कल्पिता माझ्यासमोरच्या पायरीवर येऊन बसायची. कानात वायर, हातात फोन. पलीकडचं मला ऐकू यायचं नाही, हिचं तेवढं दारातून झिरपायचं. कधी कधी ती सावकाश मोजल्यासारखं बोलायची, "मीटरची पेटी दिसतेय... तुळशीची कुंडी... काकूंच्या दारावरचा डोळा." मग श्वास सोडायची. मला नवल वाटायचं. माझं नाव घेऊन कुणाला बरं वाटतं, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

तिसऱ्या गुरुवारी बाईने डोळा लावला. पोरगी रडत होती. "तुमच्याशीच बोलता येतं मला," म्हणाली. आणि मग, "आईला नाही सांगायचं. प्लीज."

बाईला तेवढं पुरलं. संध्याकाळी कमळच्या दारात उभी राहून म्हणाली, "कमळ, तुझ्या काळजीपोटी सांगते गं. पोरीचं बाहेर काहीतरी चाललंय. माणूस वयाने मोठा असणार, तुम्ही-तुम्ही करते."

कमळने मशीन थांबवलं. "बाप जाऊन दोन वर्षं नाही झाली आणि ही थेरं?" मला त्यांचं बंद झालेलं दार दिसलं. दुसऱ्या दिवसापासून कल्पिताचा फोन कमळच्या कमरेला.

तीन गुरुवार पायरी रिकामी होती. चौथ्या गुरुवारी कल्पिता आली. फोन नव्हता, वायर नव्हती. चार वाजता बसली आणि समोर बघत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाई आतून बघत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी तिने दार उघडलं.

"कल्पे, इथे काय करतेस गं?"

"गुरुवार आहे ना."

"कोण होता तो?"

पोरगी हसली. ते हसू बघवेना. "तो नाही काकू. प्रांजल मॅडम आहेत, नागपूरला. मनाचं बघतात. वीस वर्षं हेच काम करतायत. दर गुरुवारी थोडं थोडं सांगत होते मी त्यांना."

"काय सांगत होतीस?"

"गाडी बाबा चालवत नव्हते. मी चालवत होते. लायसन्स नव्हतं माझं. बाबा शुद्धीवर होते तेवढ्यात पोलिसांना म्हणाले, मीच चालवत होतो. आई रोज त्यांना बोलते. मॅडम म्हणाल्या, घाई नको, तुझी तयारी झाली की आईला सांगू, मी सोबत असेन. तेवढ्यात तुम्ही सांगून मोकळ्या झालात. वाट लावलीत काकू."

बाई पायरीवर बसली. पहिल्यांदाच मला ती अशी समोर बसलेली दिसली. नाक मोठं, पाय इवलेसे.

"माझ्या घरात बसून बोलत जा बाळा," ती म्हणाली.

"नको. भिंतीला कान लावाल तुम्ही."

बाईने खाली बघितलं. मग उठली, भाऊ गेल्यावरही न सोडलेली कपाळावरची टिकली काढली आणि पोरीच्या देखत माझ्यावर चिकटवली. बाहेरून. तेव्हापासून मी असा आहे.

त्याच संध्याकाळी ती कमळकडे गेली. मी ऐकलं. "चुकलं माझं. ती डॉक्टरणीशी बोलत होती."

"डॉक्टरीण? कसली?"

"मनाची."

"म्हणजे माझी पोर वेडी ठरवली तुम्ही आता?"

"वेडी नाही गं. दुखतंय तिला. फोन दे तिचा." गाडीचं एक अक्षर बाई बोलली नाही. त्या दिवसापासून तिच्या पोटात काहीतरी राहायला लागलं. जेवण कमी झालंय तिचं.

फोन मिळाला. गुरुवार पुन्हा सुरू झाले. चार वाजले की बाई स्वयंपाकघरात जाते आणि रिकामा मिक्सर लावते, आपल्याच कानांवर भरवसा नाही म्हणून. त्याआधी दाराबाहेरून एवढंच कानावर येतं, "मीटरची पेटी... कुंडी... काकूंची टिकली."

पोरगी बरी झाली असं मी म्हणणार नाही. कधी पायरीवर नुसतं रडणं असतं, कधी तेही नसतं.

गेल्या गुरुवारी चार वाजून गेले तरी पावलं आली नाहीत. बाई दाराशी आली. सवयीने डोळा लावला, टिकलीचा काळोख दिसला, मागे झाली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग समोरचं दार वाजलं. पावलं आली, पण दोघींची. एक चप्पल ओढत चालणारी, ती कमळची. दोघी पायरीवर बसल्या.

"मॅडम, आई आहे माझ्या शेजारी," कल्पिताचा आवाज आला. "आई... त्या दिवशी गाडी..."

आणि आत मिक्सर सुरू झाला.

खूप वेळ चालू होता. बंद झाला तेव्हा जिन्यात कुणाचीच चाहूल नव्हती. कमळ काय म्हणाली, मला माहीत नाही. बाईलाही माहीत नाही. तिने विचारलेलं नाही. समोरचं शिवणमशीन मात्र त्या दिवसापासून वाजलेलं नाही.

टिकलीचा गोंद सुकत आलाय, एक कडा सुटलीय. तुम्ही कधी या जिन्याने वर आलात, तर एवढं करा. बोटाने ती कडा दाबून द्या. उद्या गुरुवार आहे.