सभेत कुणी बोललं नाही

सभा संपल्यावर जेपेटीने तडक घरी यायला हवं होतं. आला नाही. दक्षिणेतून आलेल्या साहेबाला विमानापर्यंत सोडायला गेला, त्याची बॅग स्वतः उचलून. माझा पाण्याचा डबा उचलायचा म्हटलं की माझ्या या थोरल्याची कंबर धरते.

सभा बोटींसाठी बांधायच्या नव्या धक्क्याची होती. सरकारला उत्तरेकडची हद्द राखायची आहे म्हणे, म्हणून आमच्या खाडीत आरमाराच्या बोटी लागणार. त्या वसंतातच बर्फ फोडत येणार. त्याच बर्फावर सील पिल्लं घालतात, त्यावरूनच आमची माणसं शिकारीला पलीकडे जातात.

शेवटी साहेबाने विचारलं, मान्य आहे का? मी नाक आक्रसलं. शेजारच्या इलिसापीने आक्रसलं, म्हाताऱ्या कुपापिकने आक्रसलं, सगळ्या हॉलने आक्रसलं. आमच्यात नाही म्हणतात ते असंच. त्याला तोंड कशाला वाजवायचं? साहेब थोडा थांबला, काहीतरी बोलला. त्याच्या शेजारी आमच्याकडे तोंड करून बसलेला दुभाष्या जेपेटीच. साहेब तुमचे आभार मानतात, एवढंच त्याने सांगितलं. कुणाचीच हरकत नाही असंही साहेब म्हणाला होता, ते मला बाहेर आल्यावर साहेबाची भाषा येणाऱ्या नातीकडून कळलं.

जेपेटी आला तो थेट जमिनीवर, पुठ्ठ्यावर जेवायला मांडलेल्या सीलच्या मांसापाशी बसला. आमचं नाही साहेबाला का नाही सांगितलंस, मी विचारलं तर म्हणाला, "आई, कुणी तोंड उघडलं का? मी काय, नाकं सांगत बसू?"

तुझं तोंड तर वर्षाचा असल्यापासून चालतं, मी म्हटलं, आजच काय झालं? कोपऱ्यात त्याची बायको हसली.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "ही दुभाष्याची नोकरी पक्की झाली की सरकारी घर मिळेल. दोन खोल्यांत अकरा माणसं आपण. पोरं पाळीपाळीने झोपतात, आई."

हे खरं होतं, म्हणून जास्तच संताप आला. इथल्या नोकरदारांना घरं बांधून देतात, आम्हाला वर्षानुवर्षं रांग. पण सरकार माझ्या हाताला लागत नाही. जेपेटी लागतो.

मी सीलचं काळीज कापून त्याच्यापुढे सरकवलं. खाण्याला आमच्यात कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

"घर घे," मी म्हटलं. "पोरांना ने, नीट झोपू देत. पण पुढच्या सभेत आमच्याकडे पाठ करून बस. म्हणजे मला काही दिसलं नाही, हे तरी तुला खरं सांगता येईल."