बांबूवर टांगलेला डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. डोंगर चढायला वापरतात तसला, घोट्याच्या वर येणारा. माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा करू नका. मी देशभर चिखल, काटे आणि तुमचा कचरा तुडवला आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका गाळ्यात झाला. कातडं कापलं, तळवा चिकटवला, शिलाई मारली आणि शेवटी गरम ठशाने माझ्या अंगावर एका परदेशी कंपनीचं नाव उमटवलं. ती कंपनी मी आजवर पाहिलेली नाही. माझ्यासोबत उजवा होता. आम्ही दोघे बाजारातल्या एका दुकानात जाऊन बसलो.

तिथे कुळगावची स्वप्नाली आली. दुकानदार सिंधी, तोंडाने साखर पेरणारा. म्हणाला, "ले लो बेटा, एक्सपोर्टचा माल आहे."

"काका, हा माल तुमच्या मागच्या गल्लीत बनतो. टिकेल का तेवढं सांगा."

तो हसला. "नाव खोटं आहे, बेटा. शिलाई खरी आहे."

त्या एका खऱ्या वाक्यावर तिने आम्हाला घेतलं.

आधी तिने आम्हाला गावाजवळच्याच चंदेरीच्या डोंगरावर नेलं. मुरमावर मी असा घसरलो की माझ्या नाकाचं कातडं सोललं. पण वर पोचल्यावर पलीकडे आणखी डोंगर दिसले, आणि त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. एक वळण संपलं की मला पुढचं हवं. स्वप्नालीचंही तेच. घरी दोन दिवस झाले की तिचे पाय वळवळायला लागत.

मग आम्ही थरच्या वाळूत गेलो. ती वाळू नाडीच्या भोकांतून आत शिरते आणि महिनोन् महिने निघत नाही. मेघालयात शेवाळ इतकं ओलं की माझ्या पोटात जळवा राहायला आल्या. लडाखच्या थंडीत माझा तळवा लाकडासारखा झाला. कच्छच्या रणात तर जमीनच पांढरी. तिथून स्वप्नालीने वडिलांना, हरिचंद्रला, फोन लावला.

"बाबा, नजर पोचेल तिथपर्यंत मीठ आहे."

पलीकडून आवाज आला, "बाय, माझ्या बापाच्या टाचा मिठागरान फुटल्या. नि तू मीठ बघाला गेलीस?"

ती हसली, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ खाली वाकून त्या मिठाकडे बघत बसली.

आता रागाचं सांगतो. बर्फ असो, वाळू असो, देवराई असो, माझ्या तळव्याखाली एक गोष्ट सगळीकडे सारखीच आली: वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. मित्रांनो, देश बघायला म्हणून तुम्ही घरातून निघता आणि देशावर थुंकून परत येता. वर त्याच जागी उभं राहून फोटो काढता. माणसाला तोंड फिरवता येतं. बुटाला येत नाही, तो तुडवत जातो.

असो. माझ्यावर खरा प्रसंग आला तो घरीच.

हरिचंद्रने शेत विकून इमारत बांधायला काढली होती. एके दिवशी वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता. त्याच पहाटे स्वप्नालीला निघायचं होतं, हिमाचलात, स्पितीला. एका गिर्यारोहण संस्थेने पहिल्यांदाच माणसांची तुकडी तिच्या हाती दिली होती. ऐन वेळी गेली नाही, तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. आणि असल्या वाटेवर नवे बूट घालून जाता येत नाही. पाय फोडांनी भरतात.

आदल्या दुपारी ती उजव्याला हातात धरून घरभर फिरत होती. तिचा भाऊ अल्पेश खाटेवर पडून मजा बघत होता.

"एका बुटावर जा ना, ताई. स्पितीपर्यंत लंगडी."

"अल्प्या, डावा कुठंय?"

"तो आपल्या सगळ्यांच्या आधी नवीन घरात राहायला गेला." त्याने बोट वर केलं.

बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे जुना जोडा टांगतात, हे तुम्हाला माहीत असेल. नव्या इमारतीच्या पुढच्या बांबूला मीच उलटा लटकत होतो. टांगलं होतं स्वप्नालीच्या आईने, मोतीबाईने. खाली रस्त्यावरची माणसं माझ्याकडे बघून पुढे जात होती. समोर चंदेरीचा डोंगर. आणि मला एक बोटभर हलता येत नव्हतं. तसा दिवस शत्रूवरही येऊ नये.

स्वप्नाली धडाधड जिने चढून आली. मागून धापा टाकत मोतीबाई. खालून हरिचंद्र ओरडला, "काढू नको गं! उद्या स्लॅब टाकाचाय!"

"फाटका वाटला गं मना," मोतीबाई म्हणाली.

"आई, काल अंगणात बसून मी त्याला तेल लावलं, नवी नाडी ओवली. तू समोर तांदूळ निवडत होतीस."

मोतीबाईने पदराने तोंड पुसलं.

"बघलं. म्हणून टांगला. लोकं घराकडं नाय बघत, तुझ्याकडं बघतान. हरिचंद्रची पोर कुठं कुठं फिरते, कोनासंगती फिरते. मंग तुला नजर लागू नये म्हनून तुझाच टांगला." मग आवाज उतरवून म्हणाली, "नि एक बूट नसला तं ऱ्हाशील घरान, असंबी वाटलं."

स्वप्नालीने आवाज चढवला नाही. "मग तूच सोड. तुझ्या हाताने. मी ओढून नेणार नाही."

मी वाट बघत होतो. मग मोतीबाईने हात वर केला आणि गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, तिनेच मारलेली. शेवटी मी खाली आलो. बांबू मोकळा झाला. मोतीबाईने आपल्या पायातली एक चप्पल काढून माझ्या जागी बांधली.

"माझी राहूंदे. तिला कुठं जायाचंय?"

स्वप्नाली त्या चपलेकडे बघत राहिली. बाजार, नळ, शेत, एवढ्याच वाटेवर टाच झिजून कागद झालेली.

"आई, तुझा चपलेचा नंबर काय?"

"मना काय ठावं. गावंल ती घालते."

स्वप्नाली तिथेच सिमेंटच्या धुळीत बसली. आईचा उघडा पाय मांडीवर घेतला आणि माझा तळवा त्याला लावून बघितला.

"गुदगुल्या होतान गं," मोतीबाई म्हणाली, पण पाय काढून घेतला नाही.

मित्रांनो, मी स्पितीला गेलो. पण मला तुम्हाला तिथलं काही सांगायचं नाही. बुटांना तेल लावा, कचरा घरी परत आणा, हे तुम्हाला शाळेत शिकवतात आणि तुम्ही ऐकत नाही. माझं एवढंच ऐका. आज घरी जा आणि आईला तिच्या पायाचा नंबर विचारा. तिला सांगता आला नाही, तर लाज वाटू द्या. आणि मग तिला विचारा, तुला कुठे जायचं होतं.