सगळी उत्तरं तानुबाईंकडे

धाडजवळच्या एका इंग्रजी शाळेत पूनमला नमुना पाठ द्यायचा होता. जमला तर नोकरी, नाही तर बी.एड.चं प्रमाणपत्र पुन्हा कपाटात. लेकरू अजून अंगावर पिणारं, म्हणून सासू तानुबाई त्याला घेऊन सोबत आल्या आणि बाहेर बसायचं सोडून मुख्याध्यापिका प्रतिमा मॅडमसमोर खुर्ची ओढून बसल्या.

मॅडमनी पूनमला नाव विचारलं, ते तानुबाईंनी सांगितलं. शिक्षणही त्यांनीच सांगितलं, वर ‘पोरगी कधी आवाज चढवत नाही’ हे जोडलं. मुलगी दाखवताना बोलायचं वडीलधाऱ्यांनी आणि मुलीनं नुसतं बसायचं, ही त्यांची रीत; त्यांच्या लेखी ही बैठकही तसलीच. पूनमनं डोळे मोठे केले, पायानं पाय दाबला. उपयोग शून्य.

“आत्याबाई, मले बोलू द्या ना,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“बोल ना. मी काय तोंड धरलं तुयं?” म्हणत तानुबाईंनी पुढचंही उत्तर देऊन टाकलं.

पाठ होता ‘ऑन बिहाफ ऑफ’ कसं वापरायचं याचा. वकील, मंत्री, वर्गप्रतिनिधी, घरून घोकून आणलेली सगळी उदाहरणं सातवीच्या पोरांच्या डोक्यावरून गेली. मागच्या बाकावर मॅडमशेजारी तानुबाई लेकराला थोपटत सगळ्यांकडे कौतुकानं बघत होत्या. ते बघून पूनमचा उरलासुरला धीर सुटला. तिनं खडू ठेवला आणि सांगूनच टाकलं, की मघाशी नाव माझं विचारलं, बोलल्या माझ्या सासूबाई. माझ्या वतीनं. बोलणारा आधी, ज्याच्यासाठी बोलतो तो ‘ऑफ’च्या पुढं.

वर्ग खदखदून हसला आणि हात वर झाले. कुणाचे आजोबा दवाखान्यात आजीची दुखणी सांगत, कुणाची आई पाहुण्यांना पोराचे मार्क. वाक्यं धडाधड जमायला लागली. तानुबाई सगळ्यांत जास्त हसल्या.

मॅडमना पाठ आवडला. एकच अडचण, त्या म्हणाल्या. एवढं लहान बाळ, शाळेच्या वेळेत सांभाळणार कोण?

हा विषय पूनमनं घरी भीतीनं काढलाच नव्हता. तिनं सासूकडं पाहिलं. आणि आता, नेमक्या आता, तानुबाई गप्प. बाळाचं टोपडं सारखं करत बसलेल्या. काऊन थांबल्या, बोला ना एकदाचं, पूनमच्या अगदी ओठांवर आलं.

“दुपारी एकदा पाजाले सोडसान का हिले?” तानुबाईंनी मॅडमनाच विचारलं. “बाकी मी हाव ना.”