मालनआत्यांचा दुसरा गिअर

गंगापूर रोडला राहणाऱ्या वैष्णवीला आजोबांच्या मोटरसायकलचा जुना फोटो सापडला. गाडी कोणत्या कंपनीची ते कळेना, कारण तिच्यावर सहाजण बसले होते आणि पुढचं चाक तेवढं दिसत होतं. तिने फोटो मनमाडच्या सादिक मेकॅनिकला पाठवला.

"नुसत्या चाकावरून काय ओळखणार? आवाज आठवतो का कुणाला?" त्याने फोनवर विचारलं.

मालनआत्यांना आठवत होता. फोटोत टाकीवर बसलेली लहान मुलगी म्हणजे त्याच. त्यांनी पदर खोचला, फोन तोंडाशी धरला आणि फटफट सुरू केली.

"आता दुसरा गिअर टाका," सादिक म्हणाला.

आत्यांनी टाकला.

"येझदी आहे. शंकाच नाही."

वैष्णवीने त्याचे आभार मानले. आत्या मात्र थांबेनात. त्या हरसूलच्या घाटात पोहोचल्या होत्या.